भुरी कोणत्या मेन्यूत?

मामांनी माउस हातात घेतला, वरच्या पट्टीतल्या ‘विक्री’वर नेला, यादी खाली उघडली. ‘कीडनाशके’वर आले, उजवीकडे दुसरी यादी उघडली. तिच्यात तळाला ‘बुरशीनाशके’. ते डोळ्यांना दिसलं आणि हात सरळ तिकडेच निघाला, तिरका. जाताना बाण ‘कीडनाशके’च्या खालच्या ‘खते’ या ओळीवरून गेला आणि उजवीकडची यादी मिटली. तिच्या जागी खतांची यादी आली. मामा मागे आले, पुन्हा तिरके निघाले, पुन्हा खतं. तिसऱ्या वेळी बुरशीनाशकांपर्यंत पोचले, तर तिथून पुढे आणखी एक यादी: ‘स्पर्शजन्य’, ‘आंतरप्रवाही’, ‘मिश्र’, म्हणजे औषध पानावरच राहतं, आत शिरतं की दोन्ही. मामा थांबले. माउस बाजूला सरकवून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि बिलबुकात हातानं लिहायला घेतलं.

काउंटरपलीकडे मोहाडीचे एक आबा उभे होते. दुकानात शिरल्यापासून त्यांनी एकच शब्द उच्चारला होता, ‘भुरी’, द्राक्षावरच्या एका बुरशीरोगाचं नाव. मी बनवलेल्या मेन्यूंच्या एवढ्या मोठ्या झाडात तो शब्द कुठेच नव्हता.

शेजारच्या स्टुलावर बसून मी हे पाहत होते. प्रोग्राम माझा. दोन महिने रात्री जागून केलेला. आणि तो चुकला नव्हता, एकही ओळ लाल झाली नव्हती, सगळं जिथल्या तिथे उघडत होतं. तरीही मामांनी पेन काढलं. त्या दिवशी इंदिरानगरला घरी परतताना द्वारकेच्या सिग्नलला उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर तो तिरका निघालेला हातच येत होता.

मामांचं कृषी सेवा केंद्र नाशिकच्या पंचवटीत, दिंडोरी रोडला. मार्केट यार्ड जवळ असल्यामुळे दिंडोरी, जानोरी, मोहाडीकडची माणसं माल घालून परत जाताना औषधं घेऊन जातात. आमच्याकडे फवारणीच्या मालाला सगळे औषधच म्हणतात. प्रत्येक बिलावर बॅच नंबर आणि मुदत संपल्याची तारीख लिहावी लागते, आणि हंगामात ते हातानं लिहिताना मामांचं मनगट रात्री शेकावं लागायचं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. गेल्या श्रावणात मामी म्हणाल्या, ‘अगं, तू एवढं परदेशातल्या लोकांना करून देतेस, मामांना एक बिलाचं कर की.’ म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घेतली, पडद्यावरची खिडकी उभी करायला टीकिंटर घेतलं, आणि बसले.

मेन्यू बांधण्याचं काम मला मनापासून आवडतं. हे सांगितलं की माझ्या कामातली माणसंसुद्धा जरा चकित होतात, कारण ते काम शिकाऊंकडे ढकलायचं समजलं जातं. पण त्यात एक सुतारकाम आहे. आधी एक पट्टी तयार करायची. तिला एक मेन्यू जोडायचा. त्या मेन्यूत साधी ओळ टाकायची असेल तर एक आज्ञा, आणि आणखी एक मेन्यू लटकवायचा असेल तर दुसरी. या दुसरीचं नाव आहे ‘ॲड कॅस्केड’. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा. सोमेश्वरला पावसाळ्यात गोदावरी खडकावरून खडकावर उतरते, तसा मेन्यू मेन्यूतून उतरतो, हे ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्याची नजर चांगली असली पाहिजे.

मामांच्या मालाची यादी मी यादीत यादी अशी लिहून ठेवली होती. मग एक छोटं फंक्शन लिहिलं: यादीतला एकेक जिन्नस उचल, साधा जिन्नस असेल तर ओळ टाक, आत आणखी यादी असेल तर नवा मेन्यू कर, तो या मेन्यूच्या पोटाशी जोड, आणि आतल्या यादीसाठी स्वतःलाच पुन्हा हाक मार. दहा-बारा ओळींचं फंक्शन. दोन पातळ्या असोत की सात, तेच पुरतं. पहिल्यांदा चालवलं आणि पडद्यावर सगळं झाड एका दमात उभं राहिलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला ओढून आणलं होतं.

याच फंक्शनात ती चूक होती, जिच्या आठवणीनं अजूनही पोटात गोळा येतो. झाड उभं राहिलं, मी सहज एका बुरशीनाशकावर क्लिक केलं, आणि बिलात आलं भलतंच बुरशीनाशक. त्याच यादीतलं दुसरं औषध निवडलं, पुन्हा तेच. त्या यादीतलं कुठलंही औषध निवडा, बिलावर यादीतला शेवटचा जिन्नस. दुकानात डबा हातानं काढला जातो, त्यामुळे चुकीचा डबा गेला नसता, पण बिलावर चुकीचं नाव आणि चुकीची बॅच गेली असती. ते माझ्याच टेबलावर सापडलं म्हणून बरं.

पायथनमध्ये मेन्यू बांधणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हे भेटतं. मी प्रत्येक ओळीला एक छोटी चिठ्ठी जोडत होते, लॅम्ब्डा म्हणतात तिला: ‘क्लिक झालं की ही वस्तू बिलात टाक.’ मला वाटत होतं, चिठ्ठीवर वस्तूचं नाव लिहिलं जातंय. प्रत्यक्षात चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘फळ्यावर जे असेल ते टाक.’ यादी पुढे सरकत होती तसा फळा पुसून त्यावर नवं नाव येत होतं, आणि चिठ्ठी वाचली जाणार होती नंतर, क्लिक झाल्यावर. तोवर फळ्यावर शेवटचं नाव उरलेलं. एका यादीच्या सगळ्या चिठ्ठ्या, सगळ्यांचा मजकूर एक आणि फळाही एक. उपाय अगदी लहान आहे. चिठ्ठी लिहितानाच त्या क्षणीची किंमत तिच्यात उतरवून घ्यायची, म्हणजे लॅम्ब्डाला ‘वस्तू बरोबर वस्तू’ असा ठरीव आर्ग्युमेंट द्यायचा. पाच-सहा अक्षरांची भर. ती घातल्यावर मी एकेका ओळीवर क्लिक करून सगळी यादी हातानं तपासली. रात्रीचे दोन वाजले, पण तपासली.

दुसरी गोष्ट दुकानात समोर आली. टीकिंटरमध्ये प्रत्येक मेन्यूच्या डोक्यावर न सांगता एक तुटक रेघ येते. तिच्यावर क्लिक केलं की मेन्यू जागेवरून सुटतो आणि वेगळी खिडकी होऊन पडद्यावर तरंगत राहतो. यामागे इतिहास आहे. टीकिंटर ज्याच्यावर उभं आहे ते टीके जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात असताना घडवलं. टीसीएल ही भाषा १९८८ ची, टीके तिच्या मागून आलं. त्या काळातल्या युनिक्सच्या पडद्यांवर मेन्यू असा फाडून बाजूला ठेवायची सोय असे, ती यात उतरली. दुकानातल्या पोरानं पहिल्याच सकाळी तीन मेन्यू फाडून ठेवले आणि घाबरून मला फोन केला, ‘ताई, काहीतरी तुटलं.’ प्रत्येक मेन्यू करताना ‘टेअरऑफ शून्य’ लिहिलं की रेघ जाते. लिहिलं, गेली.

पण तिरका निघालेला हात असा एका ओळीत सुटणारा नव्हता.

विंडोजमध्ये उपमेन्यू उघडायला आणि मिटायला थोडा अवधी ठेवलेला असतो, मुळात ४०० मिलिसेकंदांचा. बाण शेजारच्या ओळीवर गेला तरी तेवढ्या वेळात उपमेन्यूत पोचलात तर तो मिटत नाही. दुकानातल्या पोराचा हात तेवढ्यात पोचतो. मामा बासष्ट वर्षांचे, आयुष्यभर पोती आणि डबे उचललेला हात, तो माउस सावकाश आणि जपून नेतो. जपून नेतो म्हणूनच अडकतो, हे मला फार लागलं. हा अवधी वाढवता येतो. मी ८०० केला. मामांची तिरकी वाट जमायला लागली, पण मग प्रत्येक यादी उघडायलाच उशीर, आणि दारात गर्दी असताना पोरगा बिचारा बाण धरून वाट पाहत उभा.

मॅकिंटॉशवर याला वेगळं उत्तर काढलं गेलं. ॲपलमध्ये बरीच वर्षं काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनी यांनी ते सांगितलेलं आहे: बाण जिथे आहे तिथून उपमेन्यूकडे रुंद होत जाणारा एक अदृश्य त्रिकोण कल्पायचा, आणि हात त्या त्रिकोणातून उपमेन्यूच्या दिशेनं जात असेल तोवर मधल्या ओळींकडे दुर्लक्ष करायचं. माणूस कुठे निघालाय ते त्याच्या चालीवरून ओळखायचं. मला हे वाचून भरून आलं होतं. कोणीतरी हाताच्या तिरकेपणाला चूक मानलं नाही, वाट मानली. पण विंडोजवर टीकेचे मेन्यू उघडायचं-मिटायचं काम विंडोजच करतं. तो त्रिकोण मला तिथे घालता येणार नव्हता.

मग मी वाचत गेले. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं की हात एखाद्या जागी न्यायला किती वेळ लागेल, हे ती जागा किती लांब आणि किती लहान यावर ठरतं. हे कुणालाही पटेल. पण मला जे हवं होतं ते १९९७ च्या एका शोधनिबंधात मिळालं, जॉनी ॲको आणि शुमिन झाय यांच्या. अरुंद वाटेतून कड न ओलांडता जायचं असेल तर लागणारा वेळ वाटेच्या लांबीला रुंदीनं भागून येणाऱ्या आकड्यासोबत वाढतो. मेन्यूची ओळ ही अशीच वाट. माझी ओळ २५ पिक्सेल उंच आणि २५० लांब, भागाकार दहा. मामांना अशी वाट एकदा नाही, दोनदा पार करायची होती, आणि त्यानंतर पुन्हा खाली उतरायचं होतं.

हे द्राक्षवाल्या माणसाला समजवायला सूत्र लागत नाही. दोन ओळींत साधारण ९ फूट अंतर असतं, त्यातून फवारणीचा ब्लोअर लावलेला छोटा ट्रॅक्टर जातो. ओळ मोकळी असेल तर चालवणारा गाणं म्हणत जातो. दोन्हीकडून काड्या आत आल्या की गियर खाली, मान बाहेर, आणि तीच ओळ संपता संपत नाही. मी मामांना ओळी दाखवून म्हटलं, ‘तुमचा ट्रॅक्टर मी बोळातून न्यायला लावलाय.’ मामा म्हणाले, ‘मग बोळ रुंद कर.’ मी मेन्यूचा फाँट मोठा केला, ओळी उंच झाल्या, जरा सुधारलं. पण मामा पुढे जे म्हणाले ते मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. ‘नाहीतर मला तिकडे नेऊच नकोस. मला तिकडे जायचंच नाहीये.’

त्यानंतरचे चार शनिवार-रविवार मी दुकानात नुसती बसून राहिले. कॉम्प्युटर बंद. ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, नोव्हेंबरची सकाळ, दव एवढं की दुकानाच्या शटरला हात लावला तर ओला व्हावा. अशा दवाला शेतकरी घाबरतो, कारण डाउनी हा पानांचा आणि घडांचा रोग त्याच्यावर वाढतो. माणसं सकाळी आठपासून यायची. कुणी पान कागदात गुंडाळून आणलेलं, कुणी मोबाइलमध्ये फोटो. मी वहीत लिहून घेत होते, कोण काय बोलतं, कोणत्या क्रमानं.

सगळ्यांचं पहिलं वाक्य जवळपास एकच. ‘अडतीसावा दिवस आहे.’ ‘बावन्न झाले.’ ‘परवा छाटलीय.’ द्राक्षबागेत कॅलेंडर चालत नाही, दिवस छाटणीपासून मोजतात. तारीख विचारली तर माणूस थांबून हिशेब करतो, दिवस विचारला तर झोपेतही सांगतो. आणि दिवस सांगितला की मामांना पुढचं निम्मं कळतं. पहिल्या आठवड्यात डोळे फुगायला लागले की पोंगा, त्या वेळी उडद्या या किडीची भीती. मग घड दिसतो, पोपटी होतो, जीए हे वाढीचं संजीवक मारायची वेळ. मग फुलोरा. मग सेटिंग, मणी बाजरीएवढा, ज्वारीएवढा. पुढे मण्यात पाणी उतरतं. दुसरं वाक्य तक्रारीचं: पानामागे पांढरं, मण्यावर राखेसारखं, शेंडा जळतोय, फुलात थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. मामा कधीकधी एक प्रश्न विचारत, ‘पांढरं वरून की खालून?’ खालून असेल तर डाउनी, वरून राख पसरल्यासारखं असेल तर भुरी. मग वळून फळीवरून डबा काढत. औषध स्पर्शजन्य की आंतरप्रवाही, हा विषय कुणी शेतकऱ्यानं काढलाच तर सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. मेन्यूची प्रत्येक पातळी हा एक प्रश्न असतो. यादी उघडते म्हणजे प्रोग्राम समोरच्याला विचारतो, यातलं कोणतं? आणि ज्याचं उत्तर माणसाजवळ त्या क्षणी तयार आहे, तोच प्रश्न त्याला विचारावा. मी आबांना विचारत होते, तुमचं औषध स्पर्शजन्य की आंतरप्रवाही? अहो, तेच तर विचारायला ते मोहाडीहून आले होते! मी त्यांचाच प्रश्न त्यांना परत विचारत होते, आणि मामा मध्ये उभे राहून तो मनातल्या मनात उलटा करून माझ्या झाडात शोधत होते. ते झाड मी कृषी विद्यापीठाच्या पुस्तकासारखं लावलं होतं. पुस्तक म्हणून ते बरोबरच आहे. पण दुकानात कुणी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेनं आजारी पडत नाही.

जुन्या नाशकात पत्ता विचारा. कुणी तुम्हाला वॉर्ड क्रमांक विचारणार नाही. ‘रविवार कारंजा माहितीये का? तिथे या.’ पुढचं पुढे. सांगणारा आधी चाचपून पाहतो, तुम्हाला काय माहीत आहे, आणि तिथूनच सुरुवात करतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि मेन्यू बांधताना मला त्याची आठवणही झाली नाही.

लिसा नावाचा कॉम्प्युटर ॲपलनं १९८३ मध्ये काढला. त्याच्या पडद्यावरचे खाली उघडणारे मेन्यू घडवण्यात बिल ॲटकिन्सन यांचा मोठा हात होता; ते २०२५ मध्ये गेले. पडदा जसजसा बदलत गेला तसतसे त्यांनी त्याचे पोलरॉइड फोटो काढून ठेवले, आणि ते आज पाहायला मिळतात. मी त्या आठवड्यात ते फोटो कितीतरी वेळ पाहत बसले. यादी आधी कुठे होती, मग कुठे हलली, मग सगळ्यात वरच्या कडेला कशी स्थिरावली, हे एकेका फोटोतून दिसतं. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशला मेन्यूत मेन्यू नव्हताच, तो पुढे आला. एवढं मोठं यंत्र एका पातळीवर चाललं, आणि मी औषधाच्या दुकानाला तीन पातळ्या घातल्या होत्या, केवळ फंक्शन स्वतःला हाक मारू शकत होतं म्हणून.

मी ‘विक्री’ पूर्ण मोडला. आता शेतकऱ्याचा मोबाइल नंबर टाकला की त्याचे प्लॉट येतात. प्लॉट म्हणायचं कारण, छाटणी सगळ्या बागेची एका दिवशी होत नाही. खालचा प्लॉट अडतीस दिवसांचा असतो तेव्हा वरचा पन्नास. प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख एकदा नोंदवली की आजचा दिवस प्रोग्रामच मोजतो. जो प्रश्न यंत्राला स्वतः सोडवता येतो, ती पातळी मेन्यूतून काढून टाकली. टीकेमध्ये ‘पोस्टकमांड’ नावाची सोय आहे: मेन्यू उघडण्याच्या आधी एक फंक्शन चालतं आणि मेन्यू तिथल्या तिथे नव्यानं रचता येतो. तर अडतीसाव्या दिवशी ‘फवारणी’ उघडलं की फुलोऱ्यातल्या तक्रारी थेट समोर, सरळ खाली: डाउनी, भुरी, थ्रिप्स, करपा. मग एक रेघ. रेघेखाली ‘इतर अवस्था’, तिथे उजवीकडे बाणाची खूण, कारण बागेत सगळं दिवसांच्या हिशेबानं घडत नाही. अवकाळी पाऊस झाला की सत्तराव्या दिवशीही डाउनी येतो. तक्रार निवडली की खाली औषधांची यादी येते, ती मेन्यूत नाही, खिडकीतच, मोठ्या अक्षरात, शिल्लक मालासकट. बहुतेक वेळा मामांचा हात आता उजवीकडे वळतच नाही.

एक औषध आता चार ठिकाणी दिसतं. माझ्यातल्या प्रोग्रामरला हे सुरुवातीला सहन होईना. एक गोष्ट एकाच जागी असावी असं आम्हाला शिकवलेलं असतं. पण गोष्ट एकाच जागी आहे, तिचा क्रमांक एकच, साठा एकच. चार ठिकाणी आहेत त्या वाटा. जुनं पुस्तकी झाडही मी फेकलं नाही. ते ‘स्टॉक’ या मेन्यूत गेलं, कारण माल मागवताना मामांना तसंच लागतं, आणि तिथे घाई नसते.

मध्ये एक चूक केली, तीही सांगते. जे औषध जास्त विकलं जातं ते आपोआप वर सरकावं, असं मी केलं. मला ते हुशारीचं वाटलं होतं. आठवडाभरात मामांनी विचारलं, ‘अगं, माझी भुरी कोण हलवतं?’ त्यांच्या हाताला भुरी दुसऱ्या जागी आहे हे माहीत झालं होतं, डोळे शेतकऱ्याच्या पानावर ठेवून ते क्लिक करायला लागले होते, आणि मी रोज रात्री खण हलवून ठेवत होते. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००० मध्ये मेन्यूंतल्या कमी वापरातल्या ओळी आपोआप लपवायला सुरुवात केली होती, पुढे ते सोडून दिलं. मामांच्या फळ्यांवर गेली पंचवीस वर्षं गंधक त्याच कोपऱ्यात आहे. मी सरकणं बंद केलं. आता तक्रारींच्या जागा पक्क्या आहेत. एखाद्या तक्रारीवरचा माल संपला असेल तर ती ओळ गायब होत नाही, फिकट होते, जागा राखून. डाउनी पहिला, भुरी दुसरी. हा क्रम मामांनी सांगितला, अक्षरांच्या क्रमानं नाही, धाकाच्या क्रमानं. डाउनी एका रात्रीत घड नेतो, भुरी थोडा वेळ देते.

मागच्या रविवारी मोहाडीचे तेच आबा आले होते. पान कागदात गुंडाळलेलं. मामांनी ते उलटं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं. नंबर टाकला, दोन प्लॉट आले. आबा म्हणाले, ‘हे माझ्या बागेतलं नाही, व्याह्यांच्या बागेतलं आहे. सटाण्याकडची बाग, त्यांची अर्ली छाटणी असते, ऑगस्टात झाली. मला म्हणाले, नाशिकला जाताच आहात तर विचारून या.’ मामांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. व्याह्यांचा प्लॉट आबांच्या नावावर नव्हता, आणि त्याचे दिवस या दोन्ही प्लॉटशी जुळत नव्हते.

‘अगं, यात पाहुण्यांचा प्लॉट असं काही टाकता येईल का? अर्धे लोक पाहुण्यांचंच विचारायला येतात.’

मी वही उलटून पाहिली. चार आठवड्यांच्या नोंदींत ते होतं, मीच लिहिलेलं: ‘भाच्याच्या बागेला’, ‘मेव्हण्यांकडे असं झालंय’, ‘शेजाऱ्यानं पाठवलंय पान’. लिहिताना मी ते मजकूर म्हणून लिहिलं होतं, प्रश्न म्हणून वाचलं नव्हतं. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला, पोत्यावर बसले. आबा म्हणाले, ‘सावकाश कर बाळा, गाडीला वेळ आहे.’ मामांनी चहा सांगितला. प्लॉटच्या यादीखाली एक रेघ टाकली, तिच्याखाली ‘पाहुण्यांचा प्लॉट’. त्यावर क्लिक केलं की नाव, गाव काही न विचारता फक्त एक चौकट: छाटणीपासून दिवस किती? चालवून पाहिलं. मामांनी माउस घेतला, सरळ खाली आले, आणि आबांकडे वळून म्हणाले, ‘सांगा, किती झाले?’